वीज नसताना लिहिलेला मजकूर

फोन वाजला तेव्हा नलूच्या बोटांना लाल भुकटी लागली होती.

टेबलावर एक फ्लॉपी ड्राइव्ह उघडा पडला होता. कुठल्याशा कारखान्याच्या शिफ्ट ऑफिसातून शिपाई सोमवारी देऊन गेला होता, सोबत एक फ्लॉपी. तक्रार एवढीच की काही वाचत नाही. वाचणार कसा? हेडवर भुकटी बसलेली. नलूने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ती पुसली, बोळा टेबलाखालच्या डब्यात टाकला आणि रंगाच्या कारखान्यांना एक सणसणीत शिवी दिली. बोईसरात लाल भुकटीचं कोणाला नवल वाटत नाही. वारा फिरला की वाळत घातलेले कपडे लाल, कबुतरं लाल, पोरांनी नाक शिंकरलं तरी लाल. सगळ्यांना माहीत, सगळे गप्प.

फोन चिंचणीच्या बूथवरून होता.

"नलूताय, मी मंजुळा. भगवंताची बायको. आमचा कंप्युटर लिवतो हो."

"कंप्युटर लिहिणारच."

"लाईट नसताना लिवतो, ताय. माझ्या नवऱ्याच्या नावानं."

भगवंताला जाऊन आठ महिने झाले होते. नलूला तो चांगला आठवत होता. गिऱ्हाइकं यंत्र टाकून चहाला जातात. हा समोर बसून प्रत्येक स्क्रूचं कारण विचारायचा. कारखान्याने भंगारात काढलेला कंप्युटर त्याने घरी नेला आणि तिच्याकडून एकेक भाग घेऊन चालू केला. असं गिऱ्हाईक दुकानाला परवडत नाही, पण लक्षात राहतं.

"आज गुरुवार," मंजुळा म्हणाली. "सोमवारी पालघरला तारीख हाय. आये, माझी सासू, केस मागं घेणार. तुमी आज आला नाय तर मग येऊन काय कामाचं?"

नलूने शटर ओढलं आणि एसटी पकडली.

ती एडवणची. बापाच्या होडीवरचा रेडिओ बंद पडला आणि पालघरचा कारागीर महिनाभर आज-उद्या करत राहिला, तेव्हा तिने तो चौदाव्या वर्षी स्वतः उघडला. मग टीव्ही, मग कंप्युटर. सर्टिफिकेट एकही नाही. टायवाले इंजिनिअर दुकानात येऊन अजूनही विचारतात, दुरुस्ती करणारा माणूस कुठे आहे. ती हात पुसत सांगते, बसा, तो माणूस मीच. भुतंखेतं ती मानत नव्हती. पण समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला काही भीत्या हाडात असतात, त्या मानण्या न मानण्यावर नसतात.

मंजुळा स्टँडवर उभी होती. तिशीही न गाठलेली, डोळ्यांखाली काळं. चालता चालता तिने सगळं सांगितलं.

भगवंत मार्चमध्ये कारखान्यातच गेला. सांडपाण्याच्या खड्ड्यात उतरला आणि वर आला तो मेलेलाच. कारखान्याने कागदावर लिहिलं की हा दारू पिऊन, कोणाला न विचारता खाली उतरला. भगवंत आयुष्यात प्यायला नव्हता. होळीलासुद्धा नाही. नवरा गेलाच, वर त्याच्या नावाला हे चिकटलं, ते मंजुळाला निघत नव्हतं. केस तिने आणि सासूने मिळून घातली ती एवढ्यासाठी, की त्या कागदावरची ती ओळ खोडली जावी. अर्ज सासूच्या अंगठ्याचा. सासूने अंगठा मागे घेतला की ओळ कायमची.

आणि आता लेकच आईला सांगत होता, मागे घे.

त्यामागे एक गोष्ट होती. भगवंताने जिवंतपणी आईसाठी, गोदूबाईसाठी, यंत्रात एक ओळ बसवली होती. यंत्र चालू झालं की पडद्यावर पहिली तीच उमटायची: आये, जेवलीस का? अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. गोदूबाईला वाचता येत नव्हतं, पण त्या ओळीचा आकार ती ओळखायची. तो गेल्यावरही यंत्र विचारत राहिलं. गोदूबाई बोंबील वाळत घालून दुपारी घरी यायची, चार वाजता ती ओळ उमटली की मोठ्याने सांगायची, आता जेवते रं, आणि मगच पान वाढून घ्यायची.

दसऱ्यानंतर दहा-अकरा दिवसांनी, एका शनिवारी, एका ओळीच्या चार ओळी झाल्या.

"काय लिहिलं होतं?" नलूने विचारलं.

मंजुळा थांबली. "मी खोटं सांगितलं आयेला. म्हटलं, मशीन बिगडली. आठवडाभर तेच सांगितलं. मग मागच्या शुक्रवारी कमलाकांतभाऊ आले. त्यांनी खरं वाचून दाखवलं. तवापासून आये माझ्याशी बोलत नाय. जेवत पण नाय दुपारची."

"कमलाकांत कोण?"

कमलाकांत भगवंताचा दोस्त, त्याच कारखान्यातला. भगवंत गेल्यापासून दर शुक्रवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, म्हातारीला भेटायला यायचा. येताना काहीतरी खाऊ. गावात त्याचं नाव निघालं की लोक हात जोडायचे.

घर खाडीच्या बाजूला. पुढे ओटी, अंगणात बांबूंवर बोंबील. अडीच वाजले होते. पंखा बंद, दिवा बंद. वीज दुपारी एकला जायची ती चारला यायची. पाच मैलांवर वीज तयार होते, तिच्या तारा याच घरांवरून जातात, आणि खाली बाया पुठ्ठ्याने वारा घेतात. याचा कोणाला राग येत नाही, याचा नलूला राग यायचा.

आतल्या भिंतीशी टेबलावर ते यंत्र होतं. मागे भगवंताची हार घातलेली तसबीर. समोर पणती. पडदा काळा, आणि त्या काळ्या काचेत पणतीची ज्योत खोल आत कुठेतरी पेटल्यासारखी हलत होती. नलूच्या पाठीवर काटा आला. तिने तो कोणाला दाखवला नाही.

गोदूबाई खाली बसली होती. यंत्राकडे तोंड करून.

"मावशी, मी नलू. एडवणची. दामू तांडेलाची पोर."

"दामूची काय? बस." मग सुनेकडे न बघता, "तिनं बोलावलं तुला. माज्या पोराचं तोंड बंद करायला."

भगवंताचा धाकटा भाऊ रामू दारात उभा होता. नलूने त्याला आधी घेतलं. तो होडीवर जायचा आणि सकाळी बोईसरला कंप्युटरच्या क्लासला. म्हणजे घरात यंत्राला हात लावू शकणारा तो एकटा.

"केस मागं घ्यावी असं तुलाही वाटतं?"

"वाटतं. कारखान्याशी भांडून मला तितं कोण घेनार?"

"तो मजकूर तू लिहिलास?"

रामूने तिच्याकडे असं पाहिलं की नलूला आपल्या प्रश्नाची लाज वाटली. "भाऊ हाय तो माजा," तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "क्लासात शिकवलं तसं मी फायलींची यादी काढली. ज्या फायलीत तो मजकूर हाय तिची तारीख बगितली. सत्तावीस ऑक्टोबर. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. बुधवार. दोन दहाला आमच्याकडं लाईट नसते, ताय. कदीच नसते. मशीन बंद. मग लिवलं कोनी?"

नलू यंत्राकडे वळली.

"यंत्राचं बटण कोण चालू करतं?" तिने गोदूबाईला विचारलं.

"कोन नाय. त्यानं चालू ठेवलं तसंच हाय. मी बंद कशाला करू? लाईट आली की उठतो आपला. उठतो आनि माजी वाट बगतो."

"वाट बघतो म्हणजे?"

"बग चारला."

तिघं बसून राहिली. मंजुळा दारापलीकडे. खाडीवरून वारा येत होता आणि पणती विझता विझता राहत होती.

चारला दोन मिनिटं असताना पंखा फिरला. त्याच क्षणी, कोणी हात न लावता, यंत्राच्या पोटात घरघर सुरू झाली. पडदा हळूहळू उजळला. दोन ओळी उमटल्या, एक शिट्टी वाजली आणि सगळं थांबलं. कर्सर लुकलुकत राहिला.

गोदूबाई उठली. कीबोर्डच्या वरच्या रांगेत दुसऱ्या बटणावर कुंकवाचा ठिपका होता. तिने त्यावर अंगठा ठेवला. "पावसाळ्यापासून असा अडतो," ती म्हणाली. "रामूनं शोधून दिलं हे बटन. मी विसरू नये म्हनून ठिपका लावला. मी दाबल्याबिगर पुढं जात नाय तो."

बटण दबलं. चार ओळी उमटल्या.

आये, माझा जीव इथे अडकलाय.
केस मागे घे.
अंगठा देऊन टाक.
मग मी सुटेन.

गोदूबाईने हात जोडले. मंजुळा दाराआड रडत होती, आवाज न करता.

नलू कामाला लागली. आधी तिने यंत्राला आजची तारीख विचारली. यंत्राने उत्तर दिलं: एक जानेवारी १९८०. मग तिने झाकण काढलं. आत रुपयाएवढी चपटी बॅटरी, तिच्या कडेने पांढरा-हिरवा खार चढलेला. खाऱ्या वाऱ्याने मारलेली. झाकण लावताना तिचा हात फ्लॉपीच्या फटीपाशी थांबला. फटीच्या झडपेवर हळदीकुंकवाचा जाड पट्टा होता, ओला लावून वाळलेला. झडप आणि चौकट जिथे मिळतात तिथे तो सरळ रेषेत तडकला होता. खालचा कपचा उडालेला.

"हे कधी लावलंत, मावशी?"

"खंडेनवमीला. जाळं, कोयता, होडीचं वल्हं, सगळ्यांची पूजा केली. हेबी त्याचं हत्यारच. उभं बोट ओढलं."

"नंतर कोणी उघडलं हे?"

"कोनाची हिंमत? मी पदरबी लागू दिला नाय."

"कुंकू बाजारचं?"

गोदूबाईला हा प्रश्न अपमानाचा वाटला. बाजारचं कुंकू कपाळ खातं, तिने सुनावलं. ती घरी करते. हळद आणि चुना, तिच्या आईने शिकवलं तसं.

मग नलूने त्या शुक्रवारचं विचारलं. गोदूबाईने सांगितलं ते असं: चार वाजून गेले होते, मजकूर उमटलेला होता, सून म्हणत होती बिघडलंय. इतक्यात कमलाकांत आला. ओटीवर चपला काढता काढताच त्याने आत पाहिलं आणि मजकूर वाचला. वाचता वाचता त्याचाच गळा भरून आला. जाड चष्म्याचा गरीब माणूस, पण मन केवढं.

"त्याआधी कधी आला होता?"

"त्याच्या आदल्या शुक्रवारी. दसऱ्याच्या हप्त्यात आला नव्हता, सोनं द्यायचं ऱ्हायलं म्हनून. मी चहा ठेवायला आत गेले. बसला होता इतं, भगवंतासमोर."

नलू ओटीवर जाऊन चपलांपाशी उभी राहिली. तिथून तिने आत पडद्याकडे पाहिलं. मग परत आली आणि यंत्रापुढे बसली. पुसून टाकलेल्या फायली परत आणता येतात, जर त्या जागेवर नंतर कोणी काही लिहिलं नसेल तर. गेल्या काही आठवड्यांत या यंत्रावर तो मजकूर सोडून कोणी अक्षर लिहिलं नव्हतं. एक फाइल सापडली. तिच्या नावाचं पहिलं अक्षर गेलेलं, बाकी शाबूत. नलूने ती दोनदा वाचली. नंतर तिने ती आणि त्या चार ओळी स्वतःच्या फ्लॉपीवर घेतल्या, पाच मिनिटं आणखी काहीतरी टाइप केलं आणि यंत्र होतं तसं ठेवलं.

"उद्या शुक्रवार," ती मंजुळाला म्हणाली. "मी तीनला येते. कमलाकांतला येऊ दे नेहमीसारखा. कोणाला काही बोलू नका."

"ताय, एक सांगा. तो हाय काय त्यात?"

"उद्या सांगते."

शुक्रवारी सकाळी दुकानात नलूने टेबलाखालचा डबा उपडा केला. वरचा बोळा उचलला. दुसरा कोरा कापूस घेऊन खिडकीच्या गजावरून फिरवला. तोही लाल झाला. शेजारच्या टपरीवरून एक लिंबू आणलं, अर्धं अर्धं दोन्हींवर पिळलं. गजावरचा कापूस लालच राहिला. दुसरा राहिला नाही. मग तिने शिफ्ट ऑफिसची ती फ्लॉपी खणातून काढली, साफ केलेल्या ड्राइव्हमध्ये घातली आणि तिच्यावरचं पुसलेलं धुंडाळत बसली.

तिला तिथे जे मिळालं, त्यानंतर तिचा सकाळचा चहा तसाच राहिला.

चारला पाच मिनिटं असताना कमलाकांत आला. हातात केळी आणि बिस्किटांचा पुडा. चाळिशीचा, नीट भांग, जाड चष्मा. नलूला पाहून थबकला, मग हसला.

"मॅडम इथे कशा? यंत्रात भूत शिरलं तर मेकॅनिक काय करणार?"

"स्क्रू काढून बघणार," नलू म्हणाली. "बसा तिथेच, ओटीवर. दोन प्रश्न विचारायचेत."

तो ओटीवरच्या बाकावर बसला. आत गोदूबाई यंत्रासमोर, रामू तिच्या मागे, मंजुळा दारात. वीज आली. घरघर झाली, शिट्टी वाजली. गोदूबाईने कुंकवाच्या ठिपक्यावर अंगठा दाबला. चार ओळी उमटल्या.

"या यंत्राला तुम्ही शेवटचा हात कधी लावलात?" नलूने विचारलं.

"गणपतीत. नंतर नाही."

"फ्लॉपी घातलीत कधी?"

"कशाला घालू?"

"मागच्या शुक्रवारी मजकूर तुम्ही इथूनच वाचलात, चपला काढताना. बरोबर?"

"डोळ्यांपुढे आला, वाचला. खोटं कशाला सांगायचं म्हातारीला?"

"आज पुन्हा वाचा. मला ऐकायचंय."

कमलाकांतने पडद्याकडे पाहिलं. चष्मा सावरला. आवाज जड करून त्याने म्हटलं, "आये, माझा जीव इथे अडकलाय. केस मागे घे. अंगठा देऊन टाक. मग मी सुटेन."

नलूने पडद्याकडे बोट केलं.

"रामू," नलू म्हणाली, "जवळ जाऊन वाच."

रामू वाकला. त्याचे ओठ हलले. मग तो मोठ्याने, अडखळत वाचू लागला. "चिंचणी ते बोईसर, पयली एसटी पावनेसहा. दुसरी सव्वासात. पालघरला जायचं तर पयली पकडा. सोमवारी उशीर करू नका."

कमलाकांतचं तोंड उघडं राहिलं.

"काल मी मजकूर बदलला," नलू म्हणाली. "ओळी चारच ठेवल्या. काल तुमच्या जागी उभं राहून पाहिलं होतं. माझे डोळे चांगले आहेत, तरी मला तिथून चार रेघांपलीकडे काही दिसलं नाही. तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं आहेत. तुम्ही तेव्हा वाचलं नव्हतंत, भाऊ. आजही नाही. तुम्हाला ते पाठ आहे."

"असं काही नाही. आठवणीत राहिलं म्हणून..."

"थांबा. मावशी, इकडे बघा. लेक रोज चारला उठतो म्हणता. यंत्राचं बटण चालूच आहे. वीज आली की ते आपलं आपण सुरू होतं, पंख्यासारखं. ते अडतं आणि तुमच्या अंगठ्याची वाट बघतं, कारण आतली बॅटरी मेलीय. तिच्या जोरावर यंत्र तारीख-वेळ लक्षात ठेवतं. आता वीज गेली की ते सगळं विसरतं, आणि आली की विचारतं, पुढे जाऊ का? पावसाळ्यापासून हे यंत्र रोज १९८० सालात जागं होतं."

तिने रामूकडे वळून सांगितलं, "तू सत्तावीस ऑक्टोबर, दोन दहा पाहिलंस आणि घाबरलास. बरोबर पाहिलंस, उलटं समजलास. ज्याला आज कोणतं साल आहे ते कळत नाही, ते यंत्र सत्तावीस ऑक्टोबर कुठून लिहील? इथे लिहिलेल्या फायलीवर १९८० पडलं असतं. म्हणजे हा मजकूर इथे लिहिलाच नाही. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवली की तारीख पहिल्या यंत्राची राहते. एडवणला वाळवलेला बोंबील चिंचणीच्या बाजारात आणला म्हणून तो चिंचणीत वाळला असं होतं काय?"

"नाय," रामू म्हणाला.

"बुधवारी दुपारी दोन दहाला चिंचणीत वीज नव्हती. जनरेटर असलेल्या कारखान्यात होती. तिथे लिहिलं, फ्लॉपीवर घेतलं, शुक्रवारी इथे आणलं. मावशी चहा ठेवायला आत गेल्या. दोन मिनिटांचं काम."

कमलाकांत उठला. "फ्लॉपी कोणाकडेही असते. रामूकडेपण आहे."

"आहे. पण रामूच्या क्लासात सोमवारी ड्राइव्ह बिघडला नाही. तुमच्या शिफ्ट ऑफिसचा बिघडला, पावतीवर कारखान्याचं नाव आहे. शिफ्ट इन्चार्ज तुम्ही. हेडवर लाल भुकटी होती. मीही रंगाच्या कारखान्याला शिवी घालून ती पुसली." तिने पिशवीतून पाकीट काढून दोन बोळे टेबलावर ठेवले. एक लाल, एक पिवळा. "दोन्हींवर लिंबू पिळलं. कारखान्याचा रंग लालच राहिला. दुसरा पिवळा झाला. हळद आणि चुन्याचं कुंकू आंबटाने पुन्हा हळद होतं. असं कुंकू घरी कोण करतं, मावशी?"

गोदूबाई त्या पिवळ्या बोळ्याकडे बघत होती.

"तुम्ही खंडेनवमीला झडपेवर बोट ओढलंत. याने फ्लॉपी सारली तेव्हा पट्टा तडकला आणि भुकटी फ्लॉपीबरोबर गेली. तुमचंच कुंकू त्याच्या ऑफिसात जाऊन ड्राइव्हमध्ये अडकलं. त्या फ्लॉपीवर हाच मजकूर होता, पुसलेला. मी परत काढला. सत्तावीस ऑक्टोबर, दोन दहा."

"पन का?" मंजुळा दारातून पुढे आली. कित्येक दिवसांत ती सासूसमोर पहिल्यांदा मोठ्याने बोलत होती. "तुमी भावासारखे. तुमचं आमी काय घेतलं?"

कमलाकांत पायांनी चपला शोधू लागला.

"सोमवारी त्या खड्ड्याचा परवाना पालघरला मागवतील," नलू म्हणाली. "आत गॅस नाही, उतरायला हरकत नाही, असा कागद. त्यावर सही कोणाची ते हा जाणतो. आणि या यंत्रात भगवंताचं एक पत्र होतं. फ्लॉपी घातली त्याच शुक्रवारी याने तेही पुसलं. पण पुसणं आणि नाहीसं होणं वेगळं. नऊ मार्च, तो जाण्याच्या दोन दिवस आधी. तेव्हा बॅटरी जिवंत होती, तारीख खरी आहे. वाच, रामू."

रामूने तिच्या हातातला कागद घेतला. पत्र कारखान्याच्या साहेबाला होतं. गॅस मोजायचा मीटर आठ दिवस बंद आहे, काटा हलत नाही. हंगामी शिफ्ट इन्चार्ज कमलाकांत तरीही परवान्यावर सही करतात. वर ओढायचा दोर नाही. मीटर दुरुस्त होईपर्यंत मी खड्ड्यात उतरणार नाही.

"तो उतरणार नव्हता," नलू म्हणाली. "दारू पिऊन तर नाहीच. त्याला कोणीतरी उतरवलं."

रामूने कागदाची घडी करून तो मंजुळाच्या हातात दिला.

"पंप अडकला होता," कमलाकांत शेवटी म्हणाला. "वरून साहेबाचा फोनवर फोन. मी म्हटलं, भगवंता, दोन मिनिटांचं काम, मी वर उभा आहे. माझ्या शब्दावर उतरला तो. खाली बसलेला दिसला. मी दोर आणायला पळालो. दोर नव्हताच." त्याने चष्मा काढला. "दारूचं मी लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं. मी फक्त गप्प बसलो."

"गप्प बसलात, मग हंगामी इन्चार्जचे कायम इन्चार्ज झालात," नलू म्हणाली. "आणि मेलेल्याच्या तोंडून त्याच्या आईला गप्प बसवायला आलात. केळी घेऊन. आत्ता बोललात ते सोमवारी पालघरला बोला. नाही बोललात तर दोन फ्लॉप्या आणि तो परवाना बोलतील. मी पहिल्या एसटीला आहे."

कमलाकांत गोदूबाईपुढे वाकला. तिने पाय मागे घेतले.

"वर उभा हाय म्हनालास," ती म्हणाली. "त्यानं वर बगितलं आसंल तवा तू नव्हतास."

तो गेला. केळी ओटीवर राहिली. रामूने ती उचलून अंगणापलीकडे भिरकावली.

गोदूबाईने नलूला जवळ बोलावलं. "पत्र आलं ना परत? मग त्याची ती ओळ आन. जेवलीस का वाली."

हे सांगायची वेळ येणार हे नलूला काल रात्रीपासून माहीत होतं. ती खोटं सांगू शकली असती. एक ओळ तर टाइप करायची होती.

"ती नाही येणार, मावशी. पत्र नुसतं पुसलं होतं. त्या ओळीवर याने आपला मजकूर लिहिला. वर लिहिलं की खालचं जातं."

"मी लिवतो, आये," रामू म्हणाला. "तश्शीच लिवतो."

"तू लिवलंस तर ती तुजी व्हईल."

गोदूबाई यंत्रासमोर गेली. पडद्यावर एसटीच्या वेळा होत्या. तिने हात लांब करून चालू-बंदचं बटण शोधलं. ते कुठे आहे हे तिला कोणी सांगायला लागलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने ते खाली दाबलं. घरघर थांबली. पडद्याच्या मधोमध एक ठिपका उरला, बारीक झाला, आणि गेला.

"सोमवारी पयल्या गाडीनं जायाचं," ती म्हणाली. सुनेकडे बघून म्हणाली. "जेवलीस का गं तू?"

मंजुळाने मान हलवली. नाही.

"मग वाढ दोगींचं."